घणाच्या लहरींनी वाहता झरा ‘दिसतो’ काय? एक खुलासा

जमिनीवर घण मारून लहरी मोजणारे यंत्र खडकाखालचा वाहता झरा आणि त्याचे पाणी अचूक दाखवते, असा संदेश मराठवाड्यातील शेतकऱ्यांमध्ये फिरत आहे; तो खरा नाही.

हे यंत्र पाणी पाहत नाही, जमिनीत रोवलेल्या जिओफोनपर्यंत (कंपने टिपणाऱ्या उपकरणापर्यंत) लहर पोहोचायला लागलेला वेळ मोजते. पाण्यातून ती सेकंदाला सुमारे 1500 मीटर जाते, म्हणून भिजलेल्या मुरमाची पातळी बऱ्याचदा ओळखता येते. मात्र काही ठिकाणी कोरडा, घट्ट मुरूमही तोच वेग दाखवतो.

आपल्याकडची खरी अडचण बेसाल्टच्या (काळ्या पाषाणाच्या) थरांची आहे. लहरींच्या अपवर्तनावर (थर बदलताना लहर वळण्यावर) आधारलेल्या पद्धतीत खालचा थर वरच्यापेक्षा वेगवान असावा लागतो, आणि काळ्या पाषाणाखालचा पाणी धरणारा मऊ, सच्छिद्र थर नेमका मंद असल्याने तो चित्रातून निसटतो. प्रवाहाची दिशा तर एका चित्रातून कळतच नाही. त्यासाठी आसपासच्या विहिरींच्या पातळ्या मोजाव्या लागतात, पावसाळ्याआधी आणि नंतर पुन्हा मोजणी केल्यास भूजलाची चढउतार मात्र जोखता येते.

घणाच्या ठोक्याने 1993 च्या किल्लारीसारखा भूकंप होईल, ही भीतीही निराधार आहे.