'स्पष्टवक्ता' यांना उत्तर: घरच्या उटण्याला कीड का लागते

दिवाळीच्या भेटीसाठी घरचं उटणं आणि जुन्या सुती साडीचा बटवा, दहा जणांना तीनशे रुपयांच्या आत, हा लेख लिहिल्यावर 'स्पष्टवक्ता' या नावाने एक प्रतिक्रिया आली. तिचा गोषवारा असा: "ताई, हा चिंगूसपणा आहे, त्याला हस्तकला म्हणू नका. दुकानात पाकीट मिळतं. वेळेची किंमत कोण धरणार? त्वचेला चालेल याची खात्री काय? आणि घरच्या उटण्यात किडे पडतात, मागच्या वर्षी आम्हाला मिळालेलं तसंच फेकलं."

आधी 'चिंगूस' या शब्दाबद्दल. ज्यांनी तुम्हाला उटणं दिलं, त्यांनी वस्तू जमवल्या, वाळवल्या, कुटल्या, चाळल्या. ते खराब निघालं हे वाईटच. पण म्हणून देणाऱ्याची नियत काढायची? ज्यांच्याकडे दहा घरी मिठाईचे डबे पाठवण्याइतके पैसे नाहीत, अशा कितीतरी बायका माझा ब्लॉग वाचतात. त्यांनी ही प्रतिक्रिया वाचून हात आखडता घेतला, तर ते मला चालणार नाही. टीका करा, पण भाषा सांभाळा.

एक मान्य करते. दहा बटव्यांना आठ मीटर नाडी लागते आणि तिचे पैसे मी हिशोबात धरले नव्हते. ते धरले पाहिजेत.

आता किड्यांबद्दल. 'घरच्या उटण्यात किडे पडतात' हे वाक्य तुम्ही नियम सांगावा तसं लिहिलंय. आमच्या घरी आजीपासून उटणं घरीच होतं, त्यामुळे हे मला ऐकीव माहितीवर सांगावं लागत नाही: कीड लागते ती ओलाव्याने आणि डाळीतून आलेल्या अंड्यांनी. घरी केलं म्हणून लागत नाही.

लेखातलं प्रमाण पुन्हा देते, कारण ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही. मसूर डाळीचं पीठ 200 ग्रॅम, मुलतानी माती 100, संत्र्याच्या सालीची पूड 50, आणि आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी, गव्हला कचोरा (दोन्ही मिळून), वाळा, गुलाबपाकळी प्रत्येकी 25. एकूण 500 ग्रॅम, म्हणजे पन्नास-पन्नास ग्रॅमच्या दहा पुड्या.

यात किड्यांना सगळ्यात आवडते ती डाळ. दुकानातून आणलेल्या डाळीत अंडी असू शकतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून डाळ धुवायची नाही, कोरड्या फडक्याने पुसायची आणि मंद आचेवर हाताला चटका बसेपर्यंत परतायची. रंग बदलू द्यायचा नाही. ताटात पसरून पूर्ण गार झाली की मगच दळायची. फ्रीझर असेल तर परतण्याऐवजी डाळ घट्ट पिशवीत बांधून चार दिवस उणे 18 अंशांवर ठेवली तरी चालते. बाहेर काढल्यावर मात्र पिशवी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडली तर हवेतलं पाणी डाळीवर बसतं. आणि हे पीठ गिरणीत दळू नका. जात्यात आधीच्या दळणाचं पीठ राहिलेलं असतं आणि कीड त्यातूनही येते. दोनशे ग्रॅम मिक्सरमध्ये सहज होतं.

काष्ठौषधीसुद्धा पारखून घ्याव्या लागतात. नागरमोथा किंवा कपूरकाचरीच्या तुकड्यांवर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं असतील, पुडीच्या तळाशी भुगा साचला असेल, तर तो माल परत करा. चांगली मुळी आधी खलबत्त्यात ठेचा, नाहीतर मिक्सरचं पातं जातं. वाळा कात्रीने बारीक कापूनच दळायचा. त्याचा बराचसा भाग चोथा होऊन चाळणीवर राहतो, म्हणून पंचवीस ग्रॅम पूड मिळायला चाळीस ग्रॅम तरी घ्या. मिक्सर एका वेळी पंधरा-वीस सेकंदच फिरवा. जास्त फिरवलात तर पूड तापते, वास उडतो आणि झाकणाच्या आत दव जमतं. तुम्हाला मिळालेल्या उटण्यात असंच काही झालं असणार, असं मला वाटतं. दळल्यावर गरम पूड लगेच पिशवीत भरली की आतली वाफ आतच राहते, आधी गुठळ्या होतात, मग बुरशी, मग किडीची जाळी. पूड कागदावर पसरून पूर्ण निववायची, मलमलीतून वस्त्रगाळ करायची, मगच भरायची. मूठभर घेऊन दाबा आणि बोटं उघडा. लाडू तसाच राहिला तर ओल आहे, भुगा झाला तर बरोबर.

संत्र्याच्या सालीत बहुतेक लोक चुकतात. दिवाळीच्या तोंडावर आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी फुलोरा आलेली) संत्री येऊ लागतात आणि त्यांची साल घाईघाईने वाळवली जाते. पाऊस नुकताच गेलेला, हवा दमट, साल वरून वाळते आणि आत ओली राहते. खरं तर साल मृग बहाराची, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला फुलोरा आलेल्या संत्र्यांची घ्यावी. ती संत्री फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात आणि पुढे उन्हाळा असतो. आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून काढा, पाणी तोच धरून ठेवतो. दुमडल्यावर साल कट्कन मोडली पाहिजे. नुसती वाकली तर अजून वाळवा. मग काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेवली की दिवाळीपर्यंत टिकते. गुलाबपाकळ्या गावठी, सुवासिक गुलाबाच्या घ्या आणि सावलीत वाळवा. पंचवीस ग्रॅम सुक्या पाकळ्यांना ओल्या सव्वाशे-दीडशे ग्रॅम लागतात.

आणि नुसत्या कापडात उटणं कधीच बांधायचं नाही. सुती कापड हवेतला दमटपणा आत घेतं आणि हळदीचे डागही पडतात. आत बटर पेपरची दुहेरी घडीची पुडी, ती छोट्या झिपच्या पिशवीत, आणि मग बटवा. बटव्यासाठी 14 बाय 40 सेंटिमीटरची पट्टी मधोमध दुमडा, दोन्ही बाजू एकेक सेंटिमीटर आत शिवा, पण वरचे सहा सेंटिमीटर उघडे सोडा. तिथे तोंडाशी तीन-तीन सेंटिमीटर दुमडून नेफा होतो. चाळीस सेंटिमीटरच्या दोन नाड्या विरुद्ध बाजूंनी ओवा. विरलेली रेशमी साडी नको, नेफ्याच्या घडीवर ती फाटते.

त्वचेचं म्हणाल, तर लेखात लिहिलंच होतं: कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस पाहा, तान्ह्या बाळाला आणि जखमेवर लावू नका. पुडीवर घटक आणि तारीख लिहा, तीन महिन्यांत संपवायला सांगा. भिजवलेलं उटणं तर त्याच दिवशी संपवायचं. दुकानातल्या पाकिटावरही घटक छापलेले असतात, तेही एकदा वाचा. वेळेच्या किमतीवर मी वाद घालणार नाही. ज्याला वेळ द्यायचा नाही त्याने खुशाल विकत आणावं.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा ते उटणं कधी दळलं होतं, कशात बांधलं होतं आणि उघडल्यावर गुठळ्या होत्या की जाळी, एवढं कळवा. त्यावर मी नक्की उत्तर देईन. 'चिंगूस' वगैरे पुन्हा लिहिलंत तर प्रतिक्रिया काढून टाकेन.