उंची मोजलीत, आता आवाज पण मोजा

नवी मुंबई एअरपोर्ट सुरू झाल्यापासून उलवे, पनवेल, कामोठे, खारघर सगळीकडच्या ग्रुपवर एकच विषय चाललाय. अर्धे लोक विमानांचे फोटो टाकतायत आणि अर्धे विचारतायत की हा आवाज आता असाच राहणार का. दुसरा प्रश्न कोणी विचारला की लगेच लोक अंगावर येतात, "विकास नको का तुम्हाला?" मी उलव्यात राहते. मला एअरपोर्ट हवाच होता, आजही हवाय, आमच्या नात्यातल्या दोन मुलांना तिथे काम मिळालंय, 25 डिसेंबर 2025 ला पहिलं प्रवासी विमान उतरलं तेव्हा आमच्या गच्चीवर अख्खी बिल्डिंग जमली होती आणि टाळ्या वाजवणाऱ्यात मी पण होते. तरीही आवाजाबद्दल बोलायची वेळ हीच आहे असं माझं ठाम मत आहे, कारण एअरपोर्ट अजून लहान आहे. पहिला टप्पा वर्षाला 2 कोटी प्रवाशांचा, एकच रनवे. पुढे 9 कोटी प्रवासी, दोन समांतर रनवे आणि चार टर्मिनल होणार आहेत. आत्ता जे ऐकू येतंय ती फक्त सुरुवात आहे, आणि एकदा विमानांची टाइमटेबलं पक्की बसली की मग कोणीही आपलं ऐकणार नाही.

एक गोष्ट मला खूप खटकते. या भागात कोणतीही उंच बिल्डिंग बांधायची तर एअरपोर्ट अथॉरिटीची एनओसी लागते, समुद्रसपाटीपासून किती मीटर ते मोजतात, त्यासाठी रंगीत नकाशा आहे, कुठल्या पट्ट्यात किती उंची चालेल ते सगळं लिहिलेलं. यावरून किती वर्षं बिल्डर लोकांची धावपळ चालली होती, किती टॉवर अडकले होते ते सगळ्या नवी मुंबईला माहितीये. म्हणजे विमानाला आपल्या बिल्डिंगचा त्रास होऊ नये म्हणून एकेक मीटरचा हिशोब झाला. तो व्हायलाच पाहिजे, जिवाशी खेळ नको. पण विमानाचा आपल्याला किती त्रास होणार याचा तसाच नकाशा घर घेणाऱ्याच्या हातात कोणी दिला? मी फ्लॅट बुक केला तेव्हा सेल्स ऑफिसमधल्या मुलाने मला अटल सेतू दाखवला, खारकोपर आणि बामणडोंगरी स्टेशन दाखवलं, एअरपोर्ट 10 मिनिटांवर म्हणाला, वरच्या मजल्याला एअरपोर्ट व्ह्यूचे वेगळे पैसे सांगितले. आवाजाचा एक शब्द नाही. अ‍ॅग्रीमेंट मी पूर्ण वाचलंय, त्यातही नाही. खिडक्या त्याच नेहमीच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग, पातळ काच आणि ट्रॅकमध्ये बोट जाईल एवढी फट.

रनवे पूर्व-पश्चिम आहे, 3,700 मीटर लांब. विमान उतरतं आणि उडतं ते वाऱ्याच्या तोंडावर, त्यामुळे वारा पश्चिमेचा असला की, पावसाळ्यात तर जवळजवळ कायमच तसा असतो, उतरणारं विमान पूर्वेकडून म्हणजे पनवेलच्या बाजूने येणार आणि उडणारं उलव्याच्या, खाडीच्या बाजूला जाणार. वारा फिरला की उलटं. नेहमीच्या तीन अंशांच्या उतारावर येणारं विमान रनवेपासून 4 किलोमीटरवर असताना जमिनीपासून साधारण सव्वादोनशे मीटरवर असतं. मोबाईलवर नकाशा उघडा आणि रनवेची रेघ सरळ दोन्ही बाजूला वाढवून बघा तुमचं घर, मुलांची शाळा, हॉस्पिटल कुठे येतंय. उतरताना इंजिन हळू असतं म्हणून आवाज होत नाही असं काही जण लिहितायत, ते अर्धंच खरं आहे, चाकं बाहेर आणि फ्लॅप्स म्हणजे पंखांच्या मागच्या पट्ट्या खाली आल्या की हवा कापण्याचाच मोठा आवाज होतो.

आता कायदा काय म्हणतो. आपल्याला गणपती-नवरात्रामुळे 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम पाठ आहेत, रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 10 ते सकाळी 6 मध्ये 45. एअरपोर्टच्या भोवती हे लागू नाहीत, त्यासाठी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने 2018 मध्ये वेगळी मर्यादा काढली. वर्षाला 50,000 पेक्षा जास्त विमानांची ये-जा असलेल्या एअरपोर्टला दिवसा 70 आणि रात्री 65, बाकीच्यांना दिवसा 65 आणि रात्री 60. म्हणजे आपलं एअरपोर्ट मोठं होत जाईल तशी आपल्या कानावरची मर्यादा वर जाणार.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे आकडे सरासरीचे आहेत. हे नीट समजून घ्या कारण पुढे कोणीतरी अधिकारी तुम्हाला "मर्यादेच्या आतच आहे" असं सांगणार आहे. धरून चाला एक विमान डोक्यावरून जाताना 20 सेकंद 80 डेसिबल आवाज करतं, साधारण आपल्या किचनमधला मिक्सर जवळ उभं राहून ऐकावा तेवढा. तासाला अशी 10 विमानं गेली तरी तासाची सरासरी निघते 67 च्या आसपास, म्हणजे दिवसाच्या 70 च्या आत. रात्री तासाला 5 गेली तर सरासरी 64 आणि थोडं, म्हणजे 65 च्या आत. हा हिशोब मी स्वतः केलाय, कोणीही करून बघा, फॉर्म्युला नेटवर मिळतो. रात्रीच्या 8 तासांत 40 वेळा मिक्सर लावला तरी कायदा मोडत नाही. पण माणूस सरासरीने झोपत नाही ना. माणूस विमानाने दचकून उठतो, मग मधल्या शांततेचा त्याला काय उपयोग. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये युरोपसाठी ज्या शिफारशी केल्या त्यात विमानांचा रात्रीचा आवाज सरासरी 40 डेसिबलच्या खाली ठेवा असं म्हटलंय, कारण त्याच्या वर झोपेवर परिणाम होतो. 40 आणि 65 मध्ये किती फरक आहे माहितीये? डेसिबल साध्या बेरजेने चालत नाही, दर 10 ला आवाजाची ऊर्जा दहापट होते. 25 डेसिबल म्हणजे 300 पटीपेक्षा जास्त.

सवय होते म्हणणाऱ्यांना मी माझ्या आत्याचं घर दाखवीन. आत्या कुर्ल्याला राहते, मुंबई एअरपोर्टच्या अगदी उतरत्या रेषेत. तिथे एका वेळी एकच रनवे वापरात असतो आणि गर्दीच्या वेळी तासाला 40 पेक्षा जास्त विमानं ये-जा करतात. आत्या बोलता बोलता वाक्याच्या मध्येच थांबते, विमान जातं, आणि त्याच शब्दापासून पुढे बोलायला लागते. तिला कळत पण नाही की ती थांबली. टीव्हीचा रिमोट कायम हातात, आवाज वर, आवाज खाली. घरातले सगळे एकमेकांशी जोरात बोलतात, बाहेरच्या माणसाला वाटतं भांडण चाललंय. याला लोक सवय म्हणतात. मला ते बघून वाईट वाटतं, आणि उलव्यातली, पनवेलमधली लहान मुलं तशी बोलायला शिकावीत असं मला अजिबात वाटत नाही.

सगळ्यात मोठा प्रश्न रात्रीचा आहे. सुरुवात सकाळी 8 ते रात्री 8 अशी झाली, पण एअरपोर्ट 24 तास चालवायचं हे आधीपासून जाहीर होतं. मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर का सुटतात कधी विचार केलाय? तिकडे सकाळी पोचून पुढची कनेक्शन्स मिळावीत म्हणून. आणि फ्रँकफर्टला 2011 पासून रात्री 11 ते पहाटे 5 विमानं उडवायला-उतरवायला बंदी आहे, कोर्टानेही ती कायम ठेवली. म्हणजे फ्रँकफर्टच्या लोकांची झोप सांभाळून टाइमटेबल बनतं आणि ते विमान आपल्या डोक्यावरून रात्री 2 ला जातं. त्यांचा मला राग नाही, त्यांनी वर्षानुवर्षं भांडून ते मिळवलंय. लंडनच्या हीथ्रोला रात्रीच्या विमानांवर वर्षाचा कोटा आहे, शिवाय दिवसा दुपारी 3 ला रनवे बदलतात म्हणजे एका वस्तीला अर्धा दिवस तरी निवांत मिळावा. सिडनीत 1995 चा कायदाच आहे, रात्री 11 ते सकाळी 6 कर्फ्यू. हे सगळे मोठे एअरपोर्ट आहेत, कोणाचा विकास थांबला नाही. आपल्याकडे तर मालवाहतूक पण मोठी येणार आहे, पूर्ण क्षमतेला वर्षाला 32.5 लाख टन, आणि मालाची विमानं बऱ्याच ठिकाणी रात्रीच उडवतात.

तक्रार कुठे करायची हा तर वेगळाच गुंता. पनवेल, कामोठे, खारघर 2016 पासून पनवेल महानगरपालिकेत आहेत, निदान नगरसेवक तरी आहे दारात जायला. उलवे कुठल्याच महापालिकेत नाही. आमचं सगळं सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, बघते, आणि एअरपोर्टच्या कंपनीत सिडकोचे 26 टक्के आहेत, बाकी 74 टक्के अदानींकडे. सिडको वाईट आहे असं मला म्हणायचं नाही, पण जी संस्था आमची नगरपालिका आहे तीच एअरपोर्टची भागीदार आहे, तर आमच्या बाजूने आवाज मोजायला कोण येणार? याचं उत्तर कोणीतरी लेखी द्यायला पाहिजे.

"एअरपोर्ट आधी ठरलं, तुम्ही नंतर राहायला आलात, मग बोलू नका" हे वाक्य आता रोज वाचायला मिळतं. माझ्यापुरतं ते मान्य करते मी, मी नंतर आले. पण गव्हाण, वहाळ, जासई नंतर आली का? पनवेलची नगरपालिका 1852 ची आहे, विमानाचा शोध लागायच्या आधीची. आणि तरघर, कोंबडभुजे, वाघिवली, चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशी एकूण 10 गावं उठली या एअरपोर्टसाठी. त्या लोकांनी जमिनी दिल्या, उलव्याचा डोंगर सुरुंग लावून फोडला तेव्हाचे हादरे सहन केले, भिंतींना तडे गेल्याच्या तक्रारी घेऊन फिरले, नदीचा प्रवाह वळवलेला बघितला. ज्यांच्या हक्कासाठी इथल्या भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटील आयुष्यभर लढले आणि पाटलांचं नाव एअरपोर्टला मिळावं म्हणून जी हजारोंनी रस्त्यावर उतरली ती हीच आगरी-कोळी माणसं. त्यांना आता रात्रीची झोप पण सोडा म्हणणार का?

आणि कृपा करून "डबल ग्लास लावून घ्या" हा सल्ला देऊ नका. कोकणपट्टीतल्या दमट हवेत खिडकी बंद म्हणजे एसी चालू, एसी म्हणजे बिल. माझ्या इमारतीतले काही जण लावतील सुद्धा. गावठाणातली आजी कौलारू घरात ओटीवर झोपते तिने कुठे काच लावायची? काचेने फक्त परवडणाऱ्याची झोप वाचते. रात्रीच्या विमानांवर मर्यादा आली तर सगळ्यांची वाचते. म्हणून माझ्या मते पहिली मागणी तीच पाहिजे, बाकीच्या नंतर.

बाकीच्या पण सांगते. रनवेच्या दोन्ही टोकांना वस्तीत कायमची आवाज मोजणारी यंत्रं बसवा आणि त्याचे आकडे रोज लोकांना दिसतील असे ठेवा, नुसती सरासरी नको, एकेका विमानाचा सगळ्यात मोठा आवाज किती आणि किती वाजता ते पण. 2018 च्या अधिसूचनेत एअरपोर्ट नॉइज झोनची, म्हणजे ही मर्यादा लागू असलेल्या एअरपोर्टभोवतीच्या पट्ट्याची, गोष्ट आहेच, तो झोन आपल्याकडे आखा, दुसरा रनवे धरून आखा, आणि नैना (एअरपोर्टभोवती सिडको आखतेय तो नवीन शहराचा भाग) आणि महापालिकेच्या विकास आराखड्यात दाखवा, म्हणजे उद्या शाळा आणि हॉस्पिटलचे प्लॉट बरोबर त्या रेषेखाली पडणार नाहीत. झोनमध्ये फ्लॅट विकणाऱ्याला अ‍ॅग्रीमेंटमध्ये ते लिहायची सक्ती करा. उंचीची एनओसी लागते तशी खिडक्यांची अट पण घाला, नवीन बांधकामाला तो खर्च फार नाही, आम्ही नंतर भिंत फोडून करायचा तर खूप आहे. नोकरदार माणूस कर्ज काढून घर घेतो, त्याला काय विकत घेतोय ते कळायला नको?

पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी अटींचा अनुपालन अहवाल द्यावा लागतो. त्यात आवाजाबद्दल काय लिहिलंय आणि मोजणी नक्की कुठे केली हे विचारणारा आरटीआय अर्ज मी सिडकोकडे करतेय, सिडको सरकारी आहे, उत्तर द्यावंच लागेल. रात्रीच्या मर्यादेचं निवेदन पण तयार आहे, त्यावर सोसायटीचा शिक्का आणि ग्रामपंचायतीचा ठराव दोन्ही असावेत असा प्रयत्न आहे, कारण टॉवरवाले आणि गाववाले वेगवेगळे गेले तर दोघांनाही परत पाठवतील. पनवेल, कामोठे, खारघरवाल्यांनी आपापल्या नगरसेवकाकडे द्या. ज्यांना मसुदा हवाय त्यांनी कमेंटमध्ये सोसायटीचं किंवा गावाचं नाव टाका, मी पाठवते. आणि रात्री विमानाने जाग आली तर तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवा, निवेदनासोबत लावायला लागणार आहे.