टी-शर्ट सगळ्यांच्या अंगावर, गाणं कुणाच्या कानात?

बडोद्याच्या मंगळ बाजारात टांगलेल्या काळ्या टी-शर्टांत पांढऱ्या रेघांच्या डोंगराचा एक हमखास सापडतो. ते 'जॉय डिव्हिजन' या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७९ सालच्या 'अननोन प्लेझर्स' या अल्बमचं कव्हर. रेघा म्हणजे एका पल्सार ताऱ्याकडून आलेल्या रेडिओ स्पंदनांचा आलेख. शेजारी लाल जीभ असते, 'रोलिंग स्टोन्स'ची, १९७१ पासूनची. हे टी-शर्ट घालणाऱ्या दहा जणांना त्या बँडचं एक गाणं गुणगुणायला सांगून बघा.

आता उलट बाजू. क्रिकेटच्या स्टेडियममध्ये दोनदा पाय आपटून एक टाळी पडली की पुढची ओळ अख्खी गर्दी म्हणते. 'क्वीन' या बँडचं १९७७ चं 'वी विल रॉक यू' आहे ते. कुणाचं, असं विचारलं की बहुतेक जण एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

म्हणून अमुक बँड किती प्रसिद्ध, या वादात आधी हे ठरवायला हवं की आपण नेमकं काय मोजतोय. नाव, चिन्ह, चाल आणि तिकीट ही चार वेगळी खाती आहेत, आणि पेपर-चॅनेलवाले मुख्यतः पहिल्याच खात्यात भरणा करतात. बाकीची तीन दुसरीकडून भरतात: कापडाच्या दुकानातून, स्टेडियमच्या भोंग्यातून, मित्राने दिलेल्या पेनड्राइव्हमधून.

'कोल्डप्ले'चंच घ्या. २५ आणि २६ जानेवारी २०२५ ला अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियमवर कार्यक्रम झाले. बडोद्याहून ९३ किलोमीटरचा एक्स्प्रेस-वे, त्यामुळे इथूनही गाड्या भरभरून लोक गेले. बातम्या आठवा: ऑनलाइन रांग, तिकिटांचा काळाबाजार, हॉटेलांचे भाव, गर्दीत बुमराह, मंचावरून 'वंदे मातरम्'. त्यात गाण्यांबद्दल किती होतं? मीडियाला घटना लागते. लोक एखादं गाणं वीस वर्षं रोज ऐकतात ही घटना नव्हे, तिची बातमी कशी करणार? दौरा, भांडण, घटस्फोट आणि मृत्यू, एवढ्यावरच बँड पहिल्या पानावर येतो.

मीडियाशिवायही बँड चालतो, याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण 'आयर्न मेडन'. रेडिओने या बँडला कधी फारसं जवळ केलं नाही. तरी डिसेंबर १९९० मध्ये, ऐन नाताळाच्या तोंडावर त्यांनी एक सिंगल (एकाच गाण्याची रेकॉर्ड) काढलं आणि जानेवारी १९९१ मध्ये ते ब्रिटनच्या विक्री-यादीत पहिलं आलं. यात जादू काही नाही. नाताळ उलटला की रेकॉर्डची एकूण विक्री खाली येते, म्हणजे पहिल्या क्रमांकासाठी लागणारा आकडाही लहान होतो. मेडनचा चाहता पहिल्याच आठवड्यात दुकानात जाणारा. कमी विक्रीचा आठवडा आणि पक्का गिऱ्हाईक, एवढंच गणित. मार्च २००७ मध्ये बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर जमलेली गर्दी अशाच पक्क्या गिऱ्हाइकांची होती. 'मेटालिका'ने तर १९८९ पर्यंत म्युझिक व्हिडिओच केला नव्हता, आणि तोवर चार अल्बम खपलेले होते.

दुसऱ्या टोकाला 'सेक्स पिस्टल्स'. १ डिसेंबर १९७६ ला लंडनपुरत्या दिसणाऱ्या एका टीव्ही कार्यक्रमात शिवीगाळ झाली, दुसऱ्या दिवशी पेपरांनी ती देशभर पोचवली. त्यांचा स्टुडिओ अल्बम मात्र एकच. नाव जगभर, पूर्ण अल्बम ऐकलेले मूठभर.

आपल्याकडचा 'ब्लडीवूड' बघा. दिल्लीचा बँड, ढोल आणि मेटल (जड गिटारींचा रॉक) एकत्र वाजवणारा. यूट्यूबवर वाढला, २०१९ मध्ये जर्मनीतल्या वाकेन महोत्सवात वाजवून आला. इथल्या किती मराठी घरांत त्याचं नाव पोचलंय?

ज्यांना हे बडोद्यात स्वतः तपासायचंय त्यांच्यासाठी रीत सांगतो. साठ माणसं पुरेत: वीस फतेहगंजला (विद्यार्थी), वीस मंगळ बाजार-न्यायमंदिर भागात, वीस दांडिया बाजारात. एकेकट्याला गाठा, घोळक्यात पहिला बोलतो तेच बाकीचे म्हणतात. आधी कोरा प्रश्न: आठवतील तेवढ्या रॉक बँडची नावं सांगा. त्यानंतरच दहा नावांची यादी दाखवा. क्रम उलटला की यादीतलीच नावं परत येतात आणि सगळी मेहनत पाण्यात. यादीत दोन नावं खोटी, तुम्ही रचलेली घाला. खोट्या नावालाही 'हो, ऐकलंय' म्हणणारे निघतातच. त्यांचं प्रमाण बाकीच्या आकड्यांतून मनातल्या मनात वजा करा.

मग पंधरा सेकंदांचा तुकडा ऐकवा. गाण्याच्या नावाचे शब्द त्यात येऊ देऊ नका. 'डीप पर्पल'च्या १९७२ च्या 'स्मोक ऑन द वॉटर'ची ती प्रसिद्ध रिफ (गिटारची परत परत येणारी धून) वाजवणार असाल तर गिटार शिकणाऱ्यांची उत्तरं वेगळी ठेवा. क्लासमध्ये पहिल्या महिन्यातच ती बोटांवर बसवतात. 'इंडियन ओशन'चं 'मा रेवा' जरूर घ्या, आपल्याच नर्मदेचं गाणं आहे, निकाल बघण्यासारखा असेल. शेवटी विचारा, पाचशे रुपये देऊन जाल का? इथे आकडा धाडकन पडतो. आणि साठ माणसांत बारा-तेरा टक्क्यांचा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो, तेव्हा तीस विरुद्ध पस्तीसवर भांडू नका.

गुगल ट्रेंड्स वापरणाऱ्यांची एक चूक नेहमीची. 'क्वीन', 'किस', 'रश', 'युरोप' हे शब्द नुसते टाकले की राणी, चुंबन, घाई आणि अख्खा खंड आत येतो. खाली सुचवलेल्या पर्यायांतून बँड म्हणून दिसणारा विषय निवडा, मग राज्य गुजरात. तिथला १०० म्हणजे शंभर शोध नव्हेत. त्या काळातलं शिखर म्हणजे १००, बाकी सगळं त्याच्या तुलनेत.

कॉलेज फेस्टसाठी बँड ठरवणाऱ्यांनो, कात्रणांची फाइल आणि फॉलोअर्स बाजूला ठेवा. स्पॉटिफायचे 'मासिक श्रोते' म्हणजे २८ दिवसांत निदान एकदा ऐकलेली वेगवेगळी माणसं. एखाद्या लोकप्रिय प्लेलिस्टमध्ये गाणं शिरलं की हा आकडा फुगतो, बाहेर पडलं की बसतो. बँडकडे त्यांच्या खात्यातल्या शहरवार यादीचा स्क्रीनशॉट मागा. बडोदा त्यात आहे का, ते आधी बघा. मग त्याच २८ दिवसांतले एकूण स्ट्रीम (गाणी किती वेळा वाजली) भागिले श्रोते. उत्तर दीडच्या आत असेल तर ते प्लेलिस्टचे पाहुणे आहेत, चारच्या वर गेलं तर गाणं परत परत ऐकणारी माणसं आहेत. स्क्रीनशॉट द्यायला टाळाटाळ झाली तर समजून जा.

आणि ही पाहणी नवरात्रात मुळीच करू नका. त्या नऊ रात्री ड्रम, बेस गिटार, ऑक्टोपॅड सगळं गरब्याच्या मैदानावर असतं, आणि कोऱ्या प्रश्नाला साठपैकी पन्नास जण गरबा गायक अतुल पुरोहितांचं नाव सांगतील. खोटंही नाही म्हणता येणार त्यांना.