वॉटरफॉलवर दिसत नाही म्हणजे कोणी नाहीच?

"काका, वॉटरफॉलवर काही दिसत नाहीये, म्हणजे तिथे कोणी नाहीच."

सकाळी हे वाक्य ऐकलं तेव्हापासून डोकं फिरलंय. ओळखीतल्या पोराने हॅम रेडिओचा नवा रिग, म्हणजे ऐकायचा-बोलायचा संच, घेतलाय. टच स्क्रीन, निळा-पिवळा धबधबा (हाच तो वॉटरफॉल, सिग्नल रंगांत दाखवणारा), टेबलाखाली एलईडीची पट्टी. अख्खा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ स्क्रीनवर पसरलेला. एवढ्या पसाऱ्यात बारीकसा मोर्स दिसणार कुठून? मी फिल्टर ५०० हर्ट्झवर आणला, हेडफोन लावला, डायल हळूहळू फिरवला. होता ना एक जण! कधीपासून सीक्यू मारत, म्हणजे 'कोणी आहे का?' म्हणून हाका देत, बसला होता बिचारा.

मला माझ्या काकांचा बिटएक्सच आठवला, घरी जोडलेला रिग. हैदराबादच्या फरहान यांचं डिझाइन, काकांनी ४० मीटरवर, म्हणजे याच ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, आणलेलं. व्हीएफओची (फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या भागाची) कॉइल नळाच्या वॉशरवर गुंडाळलेली, क्रिस्टल एकेक मोजून जुळवलेले, सगळा संसार बिस्किटाच्या डब्यात. पॉवर जेमतेम ६ वॅट. ऐकायला मी शिकलो तो त्या डब्यावर.

आता रिग घेताना कोणी विचारतं का, की दोन किलोहर्ट्झ पलीकडे एखादं दांडगं स्टेशन सुरू झालं तर तुझा रिसीव्हर तग धरतो का? नाही. "स्क्रीन किती इंची?" अरे, टीव्ही घेतोयस का?

बरं, डबा तापला की त्याची फ्रिक्वेन्सी सरकायची, कबूल. पाच मिनिटांत समोरच्याचा आवाज बदकासारखा. काका बोलतानाही दोन बोटं नॉबवर ठेवायचे. नव्या रिगांना हे दुखणं नाही.

आणि हेही लिहूनच टाकतो. शेवटी काकांनी एक छोटा फॅक्टरीमेड रिग घेतला होता. रिसीव्हर उत्तम. पण काड्यापेटीएवढ्या पडद्यावर मेनूत मेनू. पॉवर कमी करायला कुठलं बटण किती वेळ दाबायचं, याची चिठ्ठी त्यांनी रिगवर चिकटवली होती. पुढे चिठ्ठीवरचंही दिसेना. रिग बंद पडून राहिला. डबा मात्र रोज सकाळी नेटला, म्हणजे हॅम मंडळींच्या ठरल्या वेळच्या गप्पांना, चालू. एक मोठा नॉब, एक व्हॉल्यूम. अंधारातही हात बरोबर जायचा.

तेव्हा सोपेपणाला मी नावं ठेवत नाहीये. रंगीत पडद्याला सोपेपणा म्हणू नका, एवढंच.

पोरावर जरा जास्तच डाफरलो होतो. आत्ता फोन केला. म्हटलं, उद्या रिग घेऊन ये, स्क्रीनवर रुमाल टाकू आणि नुसतं ऐकू. येतो म्हणाला. काकांचा डबाही माळ्यावरून काढलाय, पण वॉशरवरचं एक टोक सुटलेलं दिसतंय. सोल्डरिंग आयर्न कुठे ठेवलंय ते शोधतोय.