‘भूक लागली की खाईल’ म्हणून लेपर्ड गेकोला वाटी भरून ठेवू नका

लेपर्ड गेको (अंगावर ठिपके असलेली पाळीव पाल) पाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: मीलवर्मची (भुंगेऱ्याच्या अळ्यांची) वाटी भरलेली ठेवा, भूक लागली की तो खाईल, शेपटी हलवली की खूश आहे समजा, खाणं सोडलं तर तोंड उघडून भरवा. ऐकायला सोपं आहे, पण यानेच गेको आजारी पडतात. एकेक मुद्दा घेऊ.

‘वाटी भरलेली ठेवा.’ गेको भक्ष्य ओळखतो ते मुख्यतः हालचालीवरून. मीलवर्म तळाशी निपचित पडले की तो शेजारून निघून जातो आणि पाहणाऱ्याला वाटतं, पोट भरलंय. काही गेको उलट वाटीपाशीच ठाण मांडून गरजेपेक्षा जास्त खातात आणि लठ्ठ होतात. रातकिडे रात्रभर मोकळे ठेवणं तर फारच वाईट. उपाशी रातकिडे गेकोचीच कातडी कुरतडतात.

पिल्लाला रोज, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा, तेही संध्याकाळी उजेड उतरल्यावर द्या. किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. एकेक सोडा, पंधरा मिनिटांत उरलेले काढून घ्या. किड्यांना आदल्या दिवशी गाजर आणि हिरवा पाला खाऊ घाला. रातकिड्यांत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त असतो, म्हणून देण्याआधी पिशवीत चिमूटभर कॅल्शियम पूड टाकून किडे हलवून घ्या. ते पांढुरके दिसले की लगेच द्या, कारण ते पूड झटकून टाकतात. ही पूड महिनोन्महिने चुकली की हाडं मऊ पडतात, जबडा लिबलिबीत होतो, पाय वाकतात.

‘शेपटी हलवली म्हणजे खूश.’ कोणती हालचाल, हे बघायलाच हवं. किडा दिसला की गेको थबकतो, मान वाकवून त्याच्यावर डोळे रोखतो, दबकत दोन-चार पावलं सरकतो. शेपटीचं टोक भराभर थरथरतं, आणि मग झडप. ही शिकारीची थरथर. पण शेपटी वर उचलून संथपणे डाव्या-उजव्या बाजूला डोलत असेल, पाय ताठ आणि पाठ उंचावलेली असेल, तर तो घाबरलाय. याला खुशी समजून हात पुढे नेलात तर चावा बसेल, नाहीतर तो शेपूटच टाकेल. शेपटीत त्याची साठवलेली चरबी असते. ती गेली की उपासाच्या दिवसांचा आधार गेला. नवी शेपटी उगवते, पण आखूड आणि गोल, पहिलीसारखी कधीच नाही.

‘खाणं सोडलं तर भरवा.’ हा सल्ला आम्हाला सगळ्यात घातक वाटतो. आधी तापमान मोजा. गेकोच्या पेटीतल्या गरम बाजूच्या जमिनीचं तापमान ३१ ते ३३ अंश सेल्सिअस हवं, थंड बाजूचं २५च्या आसपास. काचेवर चिकटवलेला थर्मामीटर हवेचं तापमान दाखवतो. गेकोच्या पोटाला लागते ती जमीन, तेव्हा तीच मोजा. हीट मॅटला (खालून ऊब देणाऱ्या चटईला) थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आपोआप आवरणारं यंत्र, हवाच. ऊब कमी पडली की पचन मंदावतं, खाल्लेलं पोटात कुजतं आणि गेको ते ओकून टाकतो. अशा वेळी जबरदस्तीने भरवलं तर जबड्याला इजा होते, घास श्वासनलिकेतही जाऊ शकतो.

तापमान ठीक असेल तर कातडीकडे बघा. अंगाचा रंग फिका, दुधाळ झाला असेल तर तो कात टाकणार आहे. त्या एक-दोन दिवसांत बरेच गेको खात नाहीत आणि मग टाकलेली कातच खाऊन टाकतात. त्याला दमट मॉस (शेवाळ) भरलेली एक लपायची जागा द्या आणि नंतर बोटं तपासा. अडकलेली कात रक्तपुरवठा आवळते आणि बोट गळून पडतं. विणीच्या काळात नर आणि अंडी धरलेली मादीही कमी खातात.

खरा निवाडा वजनकाटा करतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. वजन टिकून आहे, शेपटी जाड आहे, तर मोठा गेको काही दिवस न खाताही ठीक असतो. ६० ग्रॅमचा ५४वर आला आणि शेपटी बारीक होऊ लागली, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठा. जाताना ताजी विष्ठा झाकणाच्या डबीत न्या, आणि वजनाची वहीही.