विमा घ्यावा तो पोलिसांना दाखवण्यापुरता

सव्वाशे सीसीची साधी मोटारसायकल बाळगणाऱ्या गोमंतकीय गृहस्थाने विम्याच्या बाबतीत एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी, ती ही की विमा गाडीचा नसतो, आपला तर नसतोच नसतो. तो पणजीच्या दिवजा सर्कलवर उन्हात उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाचा असतो. त्याने हात केला की आपण मोबाइलमधली पॉलिसी पुढे करायची, त्याने तारखेवर नजर टाकायची आणि तालांव, म्हणजे दंडाची पावती, न देता आपल्याला सोडायचे, एवढेच त्या कागदाचे इहलोकीचे कार्य आहे. ही दृष्टी एकदा आली की कोणता विमा घ्यावा, त्यात काय मिळते, काय मिळत नाही, असले प्रश्न उरतच नाहीत. सर्वांत स्वस्त असेल तो घ्यावा आणि न वाचता जपून ठेवावा.

स्वस्त म्हणजे किती, तेही पाहू. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या सरकारी दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे केलेले नुकसान भरून देणाऱ्या कायद्याने सक्तीच्या विम्याचा, हप्ता वर्षाला ७१४ रुपये आहे. वर १८ टक्के जीएसटी धरला की तो ८४३ रुपयांच्या घरात जातो, म्हणजे दिवसाला सव्वादोन रुपयांहून थोडा अधिक. हा दर सगळ्या कंपन्यांचा एकच असल्यामुळे घासाघीस करण्याचा आनंद येथे मिळत नाही, तरीही चार एजंटांना फोन करून चौघांकडून तोच आकडा ऐकून घेतल्याखेरीज पैसे देऊ नयेत. ज्यांना एवढाही खर्च जिवावर येतो त्यांच्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ ने सोय केलेलीच आहे. विमा नसताना पहिल्यांदा सापडलात तर दोन हजार रुपये दंड, दुसऱ्यांदा चार हजार. तीन वर्षांचे हप्ते अडीच हजारांच्या वर जातात, तेव्हा तीन वर्षांत एकदाच सापडणारा माणूस पाचशे रुपयांनी फायद्यात राहतो. याच कलमात तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचाही उल्लेख आहे, पण हिशेब मांडताना तो धरू नये, हिशेब बिघडतो.

या हिशेबात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणही धरायचे नसते. आपल्या गाडीखाली येऊन कोणी दगावला किंवा जायबंदी झाला, तर त्याचे वय, त्याची कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून भरपाईचा आकडा ठरतो आणि त्या आकड्याला कायद्याने वरची मर्यादा घातलेली नाही. पॉलिसी असेल तर तो कंपनी भरते, नसेल तर मालक भरतो. मालकाने मात्र घाबरून जाण्याचे कारण नाही. आजोबांचे कुळागर, म्हणजे माडापोफळीची बाग, आहे, त्यावर सहा चुलत्यांची आणि त्यांच्या बायकांची नावे आहेत, त्यांतल्या दोघांचा पत्ता कोणालाच ठाऊक नाही. जप्ती आणणाऱ्यालाच घाम फुटेल. वडिलार्जित मालमत्तेची वाटणी वेळेवर न करण्याचे जे थोडे लाभ आपल्याकडे आहेत, त्यांत हा एक धरावा.

नवी गाडी घेणाऱ्यांनी विम्याकडे पाहायचे तर मुळीच कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. आपल्या वर्गातल्या गाडीसाठी तो कर सोडून ३,८५१ रुपये पडतो आणि शोरूमवाला तो बिलात घालूनच देतो. या पॉलिसीच्या पहिल्या पानावर शेजारी शेजारी दोन रकाने असतात. एकात थर्ड पार्टीची मुदत पाच वर्षांनंतर संपत असल्याचे लिहिलेले असते, दुसऱ्यात आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे, म्हणजे एजंट ज्याला ओडी म्हणतात त्याचे, आयुष्य बहुतेक वेळा एकाच वर्षाचे दाखवलेले असते. दुसरा रकाना वाचू नये. पाच वर्षांचा विमा आहे, असे घरी सांगावे, शेजारी सांगावे, आणि वर्ष भरत आले की कंपनीचे जे संदेश येऊ लागतात ते फसवणुकीचे असणार असे समजून पुसून टाकावेत. २०१९ च्या सप्टेंबरपासून नुसता ओडीचा विमाही वेगळा घेता येतो, तेव्हा असल्या फसवणुकीला सरकारचीच फूस आहे असे मानायला जागा आहे. पुढे तिसऱ्या वर्षी मडगाव स्थानकाबाहेर लावलेली गाडी संध्याकाळी जागेवर दिसली नाही, की पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी, दोन्ही किल्ल्या आणि पाच वर्षांचा तो कागद घेऊन एजंटाकडे जावे आणि दुसरा रकाना त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा.

एवढे सांगूनही ज्यांना फुल इन्शुरन्स, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओडी दोन्ही, घेण्याची खुमखुमी राहिली आहे, त्यांनी तो घ्यावा, पण वापरू नये. त्यामागचा हिशेब असा आहे. समजा, शोरूममध्ये ८०,००० रुपयांना घेतलेली, चौथ्या वर्षात असलेली गाडी पहिल्या पावसात रायबंदरच्या रस्त्यावर घसरली. हेडलाइटचे कवच, इंडिकेटर, पुढचा मडगार्ड, फूटरेस्टची रबरे असा प्लास्टिकचा आणि रबराचा माल ३,६०० रुपयांचा झाला. हँडल आणि लिव्हर धरून धातूचा माल १,६०० रुपयांचा. मजुरी हजार रुपये. एकूण बिल ६,२००. कंपनीचा माणूस, म्हणजे सर्व्हेअर, येतो, गाडीभोवती एक फेरी मारतो, मडगार्डच्या तड्यावर नख फिरवून पाहतो आणि प्लास्टिक व रबराचे ५० टक्के कापतो. धातूचे गाडीच्या वयानुसार कापले जातात. सहा महिन्यांच्या आतील गाडीला काही नाही, चौथ्या वर्षाला २५ टक्के आणि दहा वर्षांनंतर निम्मे. म्हणजे १,८०० अधिक १,२०० अधिक मजुरीचे १,०००, वजा मालकाने सक्तीने स्वतः सोसायचे १०० रुपये. हातात पडतात ३,९०० रुपये. (झिरो डेप नावाचे जोडकवच घेतले असते तर ही कपात झाली नसती, पण त्याला जादा हप्ता लागतो आणि आपण पैसे वाचवायला बसलो आहोत.)

आता खरी विमासाक्षरता येथे दिसते. गॅरेजात भेटणारा प्रत्येक जाणता मनुष्य तुम्हाला सांगेल, की क्लेम करू नका, एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस, जाईल. बरोबर आहे, जाईलच. क्लेम न केलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशी ही सवलत चढत जाते आणि एका क्लेमने शून्यावर येते. पण ही सवलत मिळते ती फक्त ओडीच्या हप्त्यावर, थर्ड पार्टीच्या ७१४ रुपयांवर नव्हे. आपल्या गाडीची विमा-किंमत पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी उतरून ४०,००० झालेली असते. जुन्या दरपत्रकातला १.६७६ टक्के हा दर लावला तर ओडीचा हप्ता ६७० रुपये होतो आणि चौथ्या बिनक्लेमच्या वर्षानंतर मिळाले असते ते त्याचे ४५ टक्के म्हणजे ३०२ रुपये. पुढच्या वर्षांची घट मिळवली तरी सगळे मिळून हजाराच्या आत राहते. हे हजार रुपये वाचवण्यासाठी मालक ३,९०० रुपयांवर पाणी सोडतो, बिल स्वतःच्या खिशातून भरतो आणि आपला एनसीबी शाबूत असल्याचे समाधान घेऊन घरी येतो. कंपनीच्या वतीने एवढा जीव तोडून कोणी काम केलेले मी तरी दुसरीकडे पाहिलेले नाही.

आणि पॉलिसीत काय काय दिले आहे, ते पाहिले तर कृतज्ञता वाटल्याशिवाय राहत नाही. ओडीच्या छापील अटींमध्ये आग, चोरी, दंगल, भूकंप, पूर आणि चक्रीवादळ यांच्याबरोबर गारपीट आणि हिमतुषार यांचाही समावेश आहे, तेव्हा काणकोणात दव गोठून तुमच्या टाकीला तडा गेला तर कंपनी मागे हटणार नाही. गाडी लिफ्टमधून नेताना, विमानातून नेताना किंवा अंतर्गत जलमार्गाने नेताना झालेले नुकसानही धरलेले आहे. या शेवटच्या कलमामुळे फेरीबोटीने चोडणला जाणारा माणूस धक्क्यापासून धक्क्यापर्यंत अगदी निर्धास्त असतो. खड्ड्यात आपटून नुसता टायर फाटला, आणि बाकी गाडी धड राहिली, तर मात्र काही मिळत नाही. गाडी जागेवर ठेवून चोराने नुसते आरसे नेले, तरी नाही. आरशांबरोबर गाडीही न्यावी, अशी अट आहे. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यात गाडी बंद पडली आणि तुम्ही जिद्दीने बटण दाबत राहिलात, तर इंजिनात शिरलेल्या पाण्याचे बिलही आपलेच असते. गोव्याच्या रस्त्यांवर वर्षभर होणारे नुकसान वगळून न होणारे तेवढे कवचात घेणे, यालाच जोखमीचा शास्त्रशुद्ध अभ्यास म्हणत असावेत.

कुटुंबवत्सल माणसाने थर्ड पार्टीवरच थांबावे, हे मी पुन्हा सांगतो. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचे, सामान हँडलला लटकवून, पत्नीला मागे बसवून तो म्हापशाच्या बाजारातून निघतो, तेव्हा समोरून येणारा प्रत्येक अनोळखी इसम त्याच्या ८४३ रुपयांनी पूर्ण सुरक्षित केलेला असतो. पत्नी नसते. नुसत्या कायद्यापुरत्या पॉलिसीत दुचाकीच्या मागे बसलेल्या माणसाची जबाबदारी येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सांगून ठेवले आहे. ती येते ओडीसकट घेतलेल्या पॅकेज पॉलिसीत. तेव्हा विम्याच्या दृष्टीने पत्नीने मागच्या सीटवर बसण्यापेक्षा गाडीच्या शेजारून चालत येणे अधिक श्रेयस्कर ठरते.

हंगामात पर्यटकांना गाडी भाड्याने देऊन चार पैसे मिळवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे रंगवून रीतसर रेंट-अ-बाईक करण्यात वेळ आणि पैसा जातो. पांढऱ्या पाटीची घरची गाडी मित्राला दिली असे म्हटले की झाले, मग तो मित्र कालच विमानातून उतरलेला का असेना. खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर साफ वगळलेला असतो, हे त्या मित्राला सांगून त्याच्या सुट्टीचा विरस करू नये. त्याच्यापाशी परवाना नसेल तरीही चिंता नाही, कारण अशा वेळी न्यायालये बहुधा कंपनीला समोरच्याची भरपाई आधी द्यायला लावतात आणि मग ती गाडीमालकाकडून वसूल करण्याची मोकळीक देतात. तोच मित्र हुर्राक, म्हणजे काजूची दारू, घेऊन निघाला असेल आणि ते तुम्हाला ठाऊक असेल, तर गाडीच्या दुरुस्तीचा विषयही तेथेच संपतो, म्हणजे सर्व्हेअरची वाट पाहायला नको.

राहता राहिला मालकाच्या स्वतःच्या जिवाचा विमा. २०१८ पासून मालक-चालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात कवच आले आहे आणि ते मृत्यू, हात-पाय वा डोळे गमावणे आणि कायमचे पूर्ण अपंगत्व यांसाठी आहे. मोडलेल्या पायाच्या इस्पितळाच्या बिलाशी त्याचा संबंध नाही. ते मिळते आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, आणि पॉलिसीवर ज्याचे नाव आहे त्याला, आणि त्याच्यापाशी चालू वाहन परवाना असेल तरच. आपल्याकडे बोटीवर जाणारा मामा गाडी भाच्याच्या अंगणात लावून जातो, भाचा ती दहा वर्षे चालवतो, दरवर्षी इमानाने हप्ताही भरतो, पण आरसी मामाच्याच नावावर राहते, कारण नाव बदलायचे म्हणजे आरटीओत खेटे घालावे लागतात. भाच्याने ते खेटे घालू नयेत. रोज डिचोलीहून साखळीला जाणारा भाचा त्या १५ लाखांत कोठेच नसला, तरी सध्या भर समुद्रात असलेल्या मामाची व्यवस्था चोख झालेली आहे. त्याने फक्त पुढच्या खेपेस घरी आल्यावर आपला संपलेला परवाना नवा करून घ्यावा, आणि मग पडायचेच असेल तर याच गाडीवरून पडावे.