व्लादान जॉर्जेविच गावातला डॉक्टर नव्हता हो

सर्बियातला एक खेड्यातला डॉक्टर आधी गावचा महापौर झाला आणि लोकांनी त्याला थेट पंतप्रधान म्हणून निवडून दिलं अशी पोस्ट फिरतेय, त्यातला माणूस खरा आहे, व्लादान जॉर्जेविच, पण बाकी सगळा मसाला आहे.

एक तर हा 1844 चा बेलग्रेडचाच जन्म, मूळ नाव हिपोक्रात, म्हणजे प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसचंच नाव (घरच्यांनी करिअर पाळण्यातच ठरवलेलं बहुतेक!), व्हिएन्नात शिकून सर्जन झालेला. महापौर झाला तोही राजधानीचाच, 1880 च्या दशकात. आणि तिथून डायरेक्ट पंतप्रधान नाही, मधे मंत्री झाला, परदेशात राजदूत म्हणून राहिला, मग 1897 मधे राजा अलेक्सांदर ओब्रेनोविचने त्याला नेमलं. नेमलं! निवडून बिवडून काही नाही.

पंतप्रधानपद गेलं कसं ते जास्त भारी आहे. 1900 मधे हा देशाबाहेर असताना राजाने द्रागा माशिन या विधवेशी लग्न ठरवलं, साहेबांनी राजीनामाच दिला.

आणि 1872 ची सर्बियन मेडिकल सोसायटी उभी करण्यात हा पुढे होता, 1876 च्या सर्बियन रेड क्रॉसमधेही, त्याचा पोस्टमधे पत्ताच नाही.